१४ जीबीचं म्हणून घेतलेलं ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड : दादाच्या स्टुडिओच्या पीसीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सकाळी सकाळीच दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, लातूरला औसा रोडला त्याचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे, लग्न, बारसं, डोहाळजेवण सगळं करतो, आणि दोन वर्षं झाली मंडप-डेकोरेशनवाल्यांना थ्रीडी चित्र काढून द्यायचं कामपण घ्यायलाय. म्हणला, "अरे १४ जीबीचं कार्ड असून मेमरी फुल म्हणायलंय बघ हे, ये की जरा." मी म्हणलं १४ जीबीचं कार्ड असतं कुठं? ६ असतं, ८ असतं, १२, १६ असतं, हे १४ तू कुठून पैदा केलंस? तर म्हणे टास्क मॅनेजरला दिसतंय, येऊन बघ.

गेलो. आणि खरंच दिसत होतं की. परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर (चित्राचं, व्हिडिओचं जड काम करणारं ते) क्लिक केलं की खाली जीपीयू मेमरी १४.० जीबी. पण त्याच्या बाजूलाच अजून दोन आकडे असतात ते कुणी वाचत नाही, डेडिकेटेड ६.० आणि शेअर्ड ८.०. कार्ड आहे जीटीएक्स १६६० सुपर, त्याच्यावर मेमरी ६ जीबी, बास. बाकीची ८ म्हणजे मशीनमध्ये जी १६ जीबी रॅम आहे तिच्यातली निम्मी, कार्डाला कमी पडलं तर उसनी द्यायला म्हणून विंडोजनं दाखवलेली. मशीन जोडून देणाऱ्यानंपण दादाला "१४ जीबी हाय" असंच सांगितलं होतं. माणूस वाईट नाही तो, त्यालापण बहुतेक तसंच वाटत असणार.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. चार वर्षं १४ जीबीच्या रुबाबात होता बिचारा.

मशीन लिहून ठेवतो : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, १६६० सुपर, ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा). तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरला, तिथून लग्नाच्या तारखा सुरू, त्याच्या आत नवं कार्ड बसलं पाहिजे. बजेट ३०,००० आणि त्याच्यावर एक रुपया नाही असं वहिनींनी चहा देता देता सांगितलं, म्हणजे ते फायनल.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. दुकानात जाऊन "कोणतं चांगलं" विचारण्याआधी काम किती मेमरी खातंय ते बघायचं ठरवलं, कारण "कोणतं चांगलं" ह्याला दुकानात उत्तर एकच असतं, जे शिल्लक असतं ते.

दादाची दोन कामं जड आहेत. पहिलं हळदीचं फुटेज. हळद रात्री, मंगल कार्यालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत, पिवळे दोन बल्ब आणि एक हॅलोजन, त्यामुळं व्हिडिओत बारीक दाणे नुसते. ते काढायला दादा रिझॉल्व्ह ह्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावतो (स्टुडिओ व्हर्जन घेतलंय त्यानं, फुकटातल्यात ते येत नाही). हे काय करतं, तर एक फ्रेम साफ करायला मागच्या पाच आणि पुढच्या पाच फ्रेम बघतं. आता हिशोब मांडा. फोरके फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला चार चॅनल, आणि आत हिशोब ३२ बिट फ्लोटमध्ये चालतो म्हणजे चॅनलला चार बाईट, म्हणजे पिक्सेलला १६ बाईट. एक फ्रेम जवळपास १३३ एमबी! फाईल डिस्कवर कितीका बारकी असंना, कार्डात उघडून ठेवली की ही एवढी होते. अशा ११ फ्रेम म्हणजे १.४६ जीबी, आणि ह्या नुसत्या मांडून ठेवलेल्या, त्याच्यावर काम करायला मधल्या जागा लागतात, कलरचे नोड, टायटल, डिकोडर, वर विंडोज स्वतः, क्रोम, व्हॉट्सअॅप वेब, सगळ्यांचा पाटावर बसायचा हट्ट. ६ जीबी कुठं पुरणार. रिझॉल्व्ह जे "मेमरी फुल" म्हणत होतं त्यात त्याची काही चूक नव्हती.

टाईमलाईन फोरकेची एचडी केली की फ्रेम चौथा हिस्सा होते, ३३ एमबी. आत्तापर्यंत दादा असंच निभावत आला, एडिट एचडीत आणि शेवटी एक्स्पोर्टला फोरके करून रात्रभर मशीन सोडून घरी. सकाळी येऊन बघायचं झालं का मधीच मेलं.

दुसरं काम ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर, ते रविवारी.

२१ सप्टेंबर, रविवार

ब्लेंडरमध्ये मंडपाचा सीन उघडून टेक्श्चर (थ्रीडी वस्तूंवर चिकटवलेले फोटो) मोजले. स्टेज, मागचा पडदा, झेंडूच्या माळा, गालिचा, झुंबर, खुर्च्यांची कव्हरं, स्टुडिओत कामाला असलेल्या पोरानं जे मिळंल ते नेटवरून फोरके साईजचंच उतरवलंय. एकूण ७४ नग. सायकल्सनं (ब्लेंडरमधलं शेवटचं चित्र काढणारं इंजिन) रेंडर करताना हे कार्डाच्या मेमरीत जेपीजीसारखे दाबून नाही बसत, पूर्ण उलगडून बसतात. ४०९६ गुणिले ४०९६ गुणिले ४ बाईट म्हणजे ६४ एमबी एक. ७४ चे ४.७ जीबी. फाईल बघितल्या तर सगळ्या मिळून डिस्कवर अर्धा जीबीपण नाहीत! हे मला माहीत होतं पण असं एका सीनचं मांडून कधी बघितलं नव्हतं. पूर्ण सीन ९.४ जीबी मागतोय.

मग एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांची यादी वहीत काढली, तर दादानं खरा प्रश्न विचारला. म्हणला, "३०६० ला १२ जीबी, आणि तिच्यापेक्षा भारी ३०६० टीआय ला ८, ३०७० ला पण ८. लहान्याला जास्त आणि थोरल्याला कमी, असं कामून?" लई जण ह्याला कंपनीची गंमत म्हणतात, पण त्याच्यामागं साधा हिशोब आहे. मेमरीच्या एका चिपला ३२ बिटची वाट लागते. ३०६० ला १९२ बिटची बस (सगळ्या वाटा मिळून), म्हणजे सहा चिपा. एक चिप १ जीबीची घेतली तर ६ होतात, २ ची घेतली तर १२, मधलं काही जमत नाही. ६ लई कमी दिसलं असतं म्हणून १२. ३०६० टीआय ला २५६ बिट, आठ चिपा, १ जीबीच्या लावल्या की ८ आणि २ च्या लावल्या की १६ आणि खर्च वाढतो, म्हणून ८ वर थांबले. म्हणजे लहान्याला जास्त मिळालं ते लाडानं नाही, ताटात वाट्याच तेवढ्या बसत होत्या.

आता ४०६० घ्या. १२८ बिट, चार चिपा, २ जीबीच्या, म्हणजे ८. तिथं १२ करायचे कसे? २ जीबीच्या चिपांत नाहीच होत. डायरेक्ट १६, बोर्डाच्या दोन्ही बाजूंनी चिपा लावून, एका वाटेवर दोन दोन. ४०६० टीआय १६ जीबी अशीच केलेली आहे. पण वाट तीच राहिली ना! ८ वाली पण २८८ जीबी सेकंदाला, १६ वाली पण २८८.

हे दादाला पाण्यावर सांगितलं तर एका मिनिटात कळलं, लातूरकराला पाण्यावर सांगितलेलं सगळंच कळतं. मेमरी किती जीबीची म्हणजे तुमचा हौद केवढा. बँडविड्थ म्हणजे हौदातून वर चढवणारा पाईप किती इंची. हौद डबल बांधला म्हणून पाईप जाड होत नाही, आणि पाईप जाड केला म्हणून हौद मोठा होत नाही. आणि हौद आटला की? मग बाहेरून आणा. २०१६ ला आपण मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, जलदूत, पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि पाच लाख लिटर. पाणी आलं, खोटं नाही, पण तुमच्या वाड्यातल्या विहिरीची बरोबरी त्याला होती का? कार्डाची मेमरी भरली की डेटा रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या (मदरबोर्ड आणि कार्डामधली वाट) रुळावरून येतो, ते मिरजेचं पाणी समजायचं. ३०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते, आणि आपल्या बी४५० बोर्डाचा स्लॉट आहे पीसीआय ३.०, पूर्ण सोळा लेनवर जास्तीत जास्त १६ जीबीच्या आतबाहेर. बावीस पट फरक.

"मग कार्डावर ८ लिहिलेलं हाय म्हणजे ८ पूर्ण एका चालीनं देतंय ना?" दादाची शंका. आता देतंय. २०१४ च्या जीटीएक्स ९७० मध्ये ४ जीबीतला शेवटचा अर्धा जीबी संथ निघाला होता, बोभाटा झाला आणि अमेरिकेत कार्डामागं ३० डॉलर परत द्यायची तडजोड झाली. तेव्हापासून लोक असं विचारायला शिकले, ते चांगलंच झालं.

एक गोष्ट मात्र मलाच खटकली. आपलं जुनं १६६० सुपर ३३६ जीबी सेकंदाला देतं आणि नवं ४०६० फक्त २७२. नवं बारीक पाईपाचं! ह्याचं उत्तर कॅशमध्ये आहे. ४०६० च्या चिपमध्येच २४ एमबीची एल२ कॅश, म्हणजे स्वयंपाकघरात एक मोठी कळशी भरून ठेवलेली, दरवेळी हौदावर जायला नको. गेममध्ये एचडी रिझोल्यूशनला कळशी पुरते, म्हणून ते कार्ड पळतं. रिझोल्यूशन वाढलं की कळशी लवकर रिकामी होते आणि मग पाईप आठवतो.

२८ सप्टेंबर, रविवार

काही काम नाही. पाऊस. आठवडाभर नुसता पाऊस, मामाच्या शेतातलं सोयाबीन पाण्यात उभं, लाईट येते जाते. वर हौद आणि टँकरचं लिहिलंय ते वाचून आज कसंतरीच वाटायलंय. ह्यावेळी ना पाण्याची कमी ना कोणाला गाडीची गरज, पीक तेवढं गेलं.

५ ऑक्टोबर, रविवार

एका मित्राचं गेमिंग कॅफे आहे, ट्यूशनची पोरं असतात तिथं (नीटचा अभ्यास करायला लातूरला आलेली, असं घरच्यांना वाटतं). त्याच्याकडून ४०६० ८ जीबी दोन दिवसासाठी मागून आणलं. खाली जे आकडे लिहितोय ते आमच्या फाईलींचे, आमच्या मशीनवरचे आहेत, दुसऱ्याचे वेगळे येतील.

लहान सीन (४.१ जीबी मागतो) : १६६० सुपरला ८ मिनिटं २० सेकंद लागायचे. ४०६० ला २ मिनिटं ५०. दादा खुर्चीवरून उठलाच, "बास झालं, हेच घे." आणि वीजपण कमी, ११५ वॅटचं कार्ड, जुना ४५० चा एसएमपीएस चालून जाईल, नवीन घेतलं तर वॉरंटी. मी म्हणलं थांब, मोठा सीन राहिलाय.

मोठा सीन ९.४ जीबीचा. रेंडर बंद नाही पडलं, मला वाटलं होतं पडंल. सायकल्सनं न मावलेले टेक्श्चर रॅममध्ये ठेवले आणि चालू राहिलं. ३१ मिनिटं! टास्क मॅनेजरला बघत बसलो, डेडिकेटेड ७.६ वर अडकलेलं आणि शेअर्डचा आलेख खालून वर चढायलाय. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. डेडिकेटेड भरलेलं दिसलं म्हणून घाबरायचं नसतं, बरीच सॉफ्टवेअर मोकळी जागा दिसली की गरज नसताना पसरून बसतात, एसटीत रुमाल टाकून ठेवल्यासारखं. पण शेअर्ड चढायला लागलं आणि त्याच वेळी काम मंदावलं, म्हणजे हौद खरंच आटला.

अजून एक मेख. ४०६० ला लेन आठच आहेत, सोळा नाहीत. पीसीआय ४.० च्या बोर्डावर आठ लेन म्हणजे आपल्या सोळाएवढंच, पण आपला बोर्ड ३.० चा, तिथं आठ लेनवर ८ जीबीच्या आसपास सेकंदाला. म्हणजे हौद बारका आणि वर मिरजेची गाडी पण निम्म्या डब्यांची. जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड टाकणाऱ्यांनी हे बघावं, आणि आपल्याकडं सगळे तेच करतात. मेमरीत मावंल तोवर ह्या लेनचा फरक जाणवतपण नाही, म्हणून जाहिरातीच्या चाचण्यांत दिसत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

संभाजीनगरच्या एका जुन्या सामानवाल्याकडून ३०६० १२ जीबी आणलं, पसंत नाही पडलं तर आठ दिवसात परत ह्या बोलीवर, १६,५००. घेताना आधी जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं, कारण ३०६० नावाचंच ८ जीबीचं एक कार्ड २०२२ च्या शेवटी निघालेलं आहे, त्याची बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४०, नाव मात्र तेच. आपल्यात १९२ बिट आणि १२,२८८ एमबी दिसलं तेव्हा पैसे काढले.

मायनिंगला, म्हणजे दिवसरात्र हिशोब चालवून डिजिटल नाणी कमवायला, वापरलेलं असंल का? असू शकतं. सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डावरचं मायनिंग बंद झालं तसे असे ढीगभर माल बाजारात आले. पंखा हलवून बघितला, आवाज नाही. मोठा सीन रात्रभर परत परत रेंडरला लावून ठेवला, कारण मेमरीची एखादी चिप किडकी असंल तर कार्ड अर्धं भरून कळत नाही, पूर्ण भरावं लागतं. सकाळी चित्रांवर डाग नव्हते.

लहान सीन ३ मिनिटं ३०. म्हणजे ४०६० पेक्षा ४० सेकंद जास्त, दादाचं तोंड वाकडं. मोठा सीन ९ मिनिटं १०. तोंड सरळ.

हळदीचं फुटेज, फोरके टाईमलाईन, पाच-पाच फ्रेमचं नॉइज रिडक्शन, वर फ्युजनचं (रिझॉल्व्हमधलाच इफेक्टचा भाग) टायटल : डेडिकेटेड ९.१ पर्यंत गेलं, शेअर्ड जागचं हललं नाही. गेल्या रविवारी ४०६० वर हेच लावलं होतं तर पहिली दोन मिनिटं मस्त पळालं आणि मग अडखळायला लागलं, मधेमधे ठेचकाळत.

पण एक प्रयोग अजून केला आणि तो प्रामाणिकपणे लिहायला पाहिजे. ब्लेंडरमध्ये सिम्प्लिफायमध्ये टेक्श्चरला मर्यादा घालता येते. ४०९६ चे २०४८ केले की एक टेक्श्चर ६४ एमबीचं १६ होतं, ७४ चे मिळून १.२ जीबी, सगळा सीन ५.९ वर आला. हा सीन म्हणजे ४०६० ला आरामात मावला असता, आणि मावला की ते कार्ड ३०६० ला मागं टाकतंच. (कार्ड परत दिलं होतं, पण संध्याकाळी कॅफेत जाऊन तिथल्याच मशीनवर चालवलं, ७ मिनिटं २० सेकंद.) आणि दोन्ही चित्रं वहिनींना शेजारी शेजारी दाखवली, त्यांना फरक सांगता नाही आला. फक्त गालिच्याच्या क्लोजअपमध्ये विण पुसट झाली होती. म्हणजे ८ जीबीचं कार्ड वाईट आहे असं नाही, ज्याला आपला पसारा आवरता येतो त्याला ते जास्त वेगानं काम करून देतं. आता प्रश्न असा, की डिसेंबरात एका दिवशी तीन लग्नं असताना दादा बसून टेक्श्चर आवरणार आहे का? मी दादाला लहानपणापासून ओळखतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कार्ड परत द्यायला अजून दिवस आहेत म्हणून रात्री माझा स्वार्थ साधून घेतला, लामा ३.१ चं ८ अब्जवालं मॉडेल (गप्पा मारणारं एआय, ८ अब्ज आकड्यांचं) चार बिटचं, म्हणजे दाबून लहान करून टाकलं. फाईल ४.९ जीबी. इथं पाईपाचा हिशोब एकदम उघडा दिसतो, कारण एक शब्दतुकडा काढायला अख्खं मॉडेल एकदा वाचावं लागतं. ३६० भागिले ४.९ म्हणजे सेकंदाला ७३ ही झाली अगदी वरची मर्यादा, मला पन्नाशीच्या आसपास मिळाले. ४०६० ला ही मर्यादा २७२ भागिले ४.९ म्हणजे ५५, म्हणजे रेंडरमध्ये पुढं असणारं कार्ड इथं कागदावरच मागं. आणि ह्याच्यात बोलणं लांबलं की त्याची आठवण ठेवायला वेगळी जागा लागते, ह्या मॉडेलला ८ हजार तुकड्यांमागं १ जीबी.

मग १४ अब्जवालं टाकलं, ९ जीबीचं. १२ त मावलं, चाललं. ८ जीबीच्या कार्डावर ह्याचे काही थर रॅममध्ये ठेवावे लागले असते, आणि आपली डीडीआर४ रॅम दोन चॅनलवर ३२०० नं चालवली तरी ५१ जीबी सेकंदाला. त्याच्यापुढं बैलगाडी बरी.

मराठी मात्र लई पुस्तकी बोलतंय ते. "काय चाललंय" विचारलं तर निबंध लिहिला.

१९ ऑक्टोबर, रविवार

निर्णयाचा दिवस. दुकानवाल्यानं फोनवर मोह घातला, ५०६० टीआय १६ जीबी घ्या, जीडीडीआर७ मेमरी आहे. खोटं नाही, तिथं १२८ बिटची बस असूनपण मेमरीच एवढी जलद आहे की ४४८ जीबी सेकंदाला मिळतात, जेवढे ३०६० टीआय ला २५६ बिटवर मिळायचे. हौद पण मोठा आणि पाईप पण जाड, पैसे असते तर दुसरीकडं बघितलंच नसतं. त्यानं ४७,००० सांगितले. वहिनींनी मान हलवली, आडवी. मग तो म्हणे ८ जीबीवाली घ्या, नाव तेच आहे, स्वस्तात बसंल. नाव तेच आहे हाच तर घोळ आहे ना बाबा! खोक्यावर ५०६० टीआय मोठ्या अक्षरात आणि ८ का १६ ते कोपऱ्यात. जलद मेमरी असूनपण ८ म्हणजे ८, आपला ९.४ चा सीन त्याच्यात ओतला तर सांडणारच.

इंटेलचं बी५८० पण बघितलं, १२ जीबी, १९२ बिट, ४५६ जीबी सेकंदाला, डिसेंबर २०२४ ला २४९ डॉलरला निघालं, कागदावर सगळ्यात पैसा वसूल. पण त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम दिसायची सोय) चालू पाहिजे, आपल्या बोर्डावर त्यासाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं, जुन्या प्रोसेसरवर गेममध्ये त्याचा ड्रायव्हर जड जातो हेही बऱ्याच जणांनी दाखवून दिलंय, आणि इथं बिघडलं तर दाखवायचं कुणाला. एखादा हौशी असता तर म्हणलं असतं घे.

मित्राला विचारलं तर तो ४०६० वर ठाम. "माझ्याकडं व्हॅलोरंट आणि सीएस हेच गेम चालतंय, त्याला ८ जीबी भरत पण नाही, वीज कमी खातंय, बारा मशीनचं बिल मी भरतो." त्याचं बरोबरच आहे. त्याच्या कॅफेत मी पण ३०६० घेऊ दिलं नसतं.

ठरलं, ३०६०. २०२१ चं कार्ड २०२५ च्या शेवटी आणि तेपण वापरलेलं, हे लिहिताना मला भारी वाटत नाहीये. ह्याला लागतात १७० वॅट, म्हणून एसएमपीएस ६५० चा, ५,२००. एकूण २१,७००. रॅम पण आत्ताच १६ ची ३२ करून टाकू का असं दादा विचारायलाय, १६ चा सेट ३,६०० ला आहे. म्हणलं दिवाळी होऊ दे, रॅम कुठं पळून चाललीय.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाडवा, भाऊबीज झाली, आज बसवलं. पहिल्यांदा चालू केलं तर डिस्प्लेच नाही. अर्धा तास रॅम काढ, बॅटरी काढ, कार्ड हलवून बघ. दादाचं चाललंय "मी म्हणलं होतं नवीन घेऊ." शेवटी बघितलं तर मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला. ह्या प्रोसेसरमध्ये आतला ग्राफिक्स नाहीच, तिथून चित्र येणार कुठून. केबल कुणी लावली होती हे लिहायची गरज नाही, दादानं नव्हती लावली एवढंच.

पोराला एक सवय लावून दिली. एक्स्पोर्टला लावायच्या आधी क्रोम बंद, आणि टास्क मॅनेजरमध्ये शेअर्डचा आलेख उघडा ठेवायचा. १४ चा आकडा आता २० झालाय, १२ आणि ८. दादानं तो बघितला, माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिलं लग्न निलंग्याचं, हळदीसकट. फोरके टाईमलाईनवर सगळं एडिट, एचडीचा द्राविडी प्राणायाम नाही. एक्स्पोर्ट रात्री नऊला लावला आणि जेवून येईस्तोवर झाला होता. दादा मुद्दाम फोन करून सांगतोय म्हणजे खूश आहे, नाहीतर त्याचे फोन बिघडल्यावरच येतात.

पण आज एक नवीन लचांड. मंडपवाल्याचा मोठा सीन ब्लेंडरमध्ये उघडा आणि बाजूला रिझॉल्व्ह, तर मशीन गुदमरलं. कार्डाकडं बोट दाखवलं सगळ्यांनी. बघितलं तर कार्डाचं शेअर्ड शांत, आणि मशीनची रॅम १५.४, डिस्क शंभर टक्के. जो सीन कार्डात जातो त्याची एक प्रत ब्लेंडर रॅममध्येपण ठेवतं ना. आधी कार्डच इतकं बारकं होतं की तिथंच अडायचं, रॅमपर्यंत पाळी येत नव्हती. एक बांध फोडला तर पाणी पुढच्या बांधाला थटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

रॅम आणायला गेलो. ३,६०० चा तोच सेट आज ७,८००. मला वाटलं चेष्टा करायलाय, दुसऱ्या दुकानात विचारलं, तिथं ८,१००. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी बनवणाऱ्यांनी कारखाने तिकडं वळवलेत, जुनी डीडीआर४ तर कमीच केली, त्याचा चटका इथवर आलाय. म्हणजे दिल्ली-मुंबईतपण तेच असणार, लातूरचा दुकानदार एकटा काय करणार.

दादा तापला, "तवाच घे म्हणायला होतो मी." मी म्हणलं अजिबात नाही, तूच म्हणला होतास दिवाळीनंतर बघू, माझ्याकडं तारखेसकट लिहिलेलं आहे. मोबाईल काढला, १९ ऑक्टोबरची नोंद उघडली, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीवर आवाज जरा बारीक झाला.

रॅम नाही घेतली. ब्लेंडर बंद करूनच रिझॉल्व्ह उघडायचं अशी चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलीय, पोराच्या अक्षरात. वहिनींनी तिच्याखाली पेनानं ४,२०० एवढाच आकडा लिहून ठेवलाय.